साय की काजळी

घरात मांजर आणायचं, यावर नवरा-बायकोचं चटकन एकमत झालं. आणि कोणतं आणायचं, यावर ते तितक्याच चटकन मोडलं. त्याला पर्शियन हवं होतं आणि तिला सयामी.

आता त्याला पर्शियनच का हवं होतं, हे कळायला त्याचं काम ठाऊक असायला हवं. लोक पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्यातले श्वास काढून टाकायचं काम याच्याकडे असे. श्वास, आवंढे, ओठ चिकटून सुटताना होणारे बारीक चटके, खुर्चीची कुरकुर, वाचणाऱ्याच्या पोटात भुकेने होणारी गुडगुड. जे जे पुस्तकात छापलेलं नाही ते सगळं हा कापायचा, म्हणून धंद्यात त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. घरातल्या मागच्या खोलीला त्याने चारही बाजूंनी फोम आणि जुन्या रजया ठोकल्या होत्या. दार लावलं की आत कापूस भरल्यासारखी शांतता. त्या शांततेवर त्याचं फार प्रेम होतं.

“पर्शियन कसं असतं,” जेवताना तो समजावून सांगू लागला, “ठेवलं तिथे बसतं. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. घरात आहे की नाही तेही कळत नाही.”

“मग आणायचं कशाला?” बायको म्हणाली. “न कळणाऱ्या वस्तू आपल्याकडे पुष्कळ आहेत. माळा भरलाय त्यांनी.”

“आणि तुझं ते सयामी? दिवसभर बोंबलतं म्हणे.”

“बोंबलत नाही, बोलतं. हाक मारली तर ओ देतं. आपण काही विचारलं तर उत्तर देतं. न विचारता पण देतं.”

“न विचारता उत्तर देणारं एक माणूस आधीच...” इथवर आल्यावर कात्रीने आपलंच वाक्य कापलं. धंद्याची सवय अशी कधीतरी उपयोगी पडते.

बायकोचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ती गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगं उलटसुलट करायची आणि विचारायची, “पहिलं स्पष्ट की दुसरं?” लोकांना ठरवता यायचं नाही, पण तिला धीर फार. मात्र घरी आल्यावर तो धीर संपलेला असायचा. तिच्या मते सयामी आणण्याचं कारण एकच होतं आणि ते टेबलाच्या तिसऱ्या बाजूला बसून खाली मान घालून जेवत होतं.

ते म्हणजे तिचे वडील. त्यांनी सगळी नोकरी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर येते आहे, कोणती उशिरा धावते आहे, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी उभं आहे, हे सगळं त्यांच्या तोंडून गाव ऐकत असे. त्यांची बायको गेली, मागून गुडघे गेले, जिने चढवेनात, म्हणून लेकीकडे राहायला आले. आणि आल्यापासून त्यांनी जी मिठाची गुळणी धरली होती ती धरलीच. ‘हं’, ‘नको’ आणि ‘राहू दे’ एवढ्या तीन शब्दांत त्यांचा सगळा संसार आटोपत होता.

“बाबा, तुम्ही सांगा,” लेक म्हणाली. “पर्शियन की सयामी? पहिलं की दुसरं?”

“हं.”

“हं म्हणजे कोणतं?”

“हं हं.”

“दोनदा हं म्हणजे दुसरं,” तिने निकाल देऊन टाकला.

“हा कुठला न्याय?” कात्री उसळला. पण सासरे ताट घेऊन उठलेसुद्धा होते.

शेवटी कोणीतरी मांजरवाल्या बाईंचा पत्ता दिला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर त्यांचं घर होतं. दोन्ही जातींची मांजरं त्या बाळगून होत्या. त्यांतल्या दोघींची पिल्लं घालायची वर्षं सरली होती आणि आता बाईंना त्यांना चांगल्या घरी द्यायचं होतं. एक पर्शियन, नाव साय. दुधावरच्या सायीच्याच रंगाची, चपट्या तोंडाची, उशीतला कापूस बाहेर यावा तशी सगळीकडून फुललेली. दुसरी सयामी, काजळी. अंग फिकट, पण तोंड, कान, पाय आणि शेपटी जणू चुलीत घालून बाहेर काढलेली. डोळे निळे आणि जाब विचारणारे.

बाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि ते त्यांच्यातून अजून गेलेलं नव्हतं. त्यांनी नवरा-बायकोला खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“घरात कोण कोण?”

“आम्ही दोघं आणि माझे वडील.”

“मांजरं पाळलीत कधी?”

“नाही.”

“भांडता का?”

“नाही,” कात्री म्हणाला.

“हो,” त्याच क्षणी बायको म्हणाली.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “भांडताना वस्तू फेकता?”

“छे, छे.”

“बरं. सयामीला भांडण चालतं, ती त्यात भाग घेते. पर्शियनला चालत नाही. आणि नीट ऐका. सायला रोज विंचरायचं, नाहीतर केसांच्या गाठी होतात. डोळ्यांतून पाणी येतं, ते ओल्या कापसाने पुसायचं. काजळीचं असलं काही नाही, तिला काय हवं ते ती स्वतः सांगते. तुमचं दोघांचं एकमत दिसत नाही, तेव्हा एकीला नेऊन आठवडाभर ठेवा, मग दुसरीला ठेवा. जी राहील ती राहील. दोघी एकदम नाही मिळायच्या, त्या एकमेकींचं तोंड पाहत नाहीत.” बाईंनी टोपलीच्या कडीला एक चिठ्ठी बांधली. “हा माझा फोन. काही अडलं तर दुपारी करा. तेव्हा माझी मंडळी झोपलेली असतात.”

पहिली साय आली. टोपलीतून बाहेर पडून तिने घराची एक फेरी मारली, तीही एखाद्या म्हाताऱ्या सावकारणीने जमीन पाहावी तशी सावकाश, आणि सोफ्यावर जाऊन पसरली. ती तिथेच राहिली. कात्री जाता येता बायकोकडे बघून नुसता भुवया उंचावत होता. बोलायची गरजच नव्हती.

विंचरायचं कोणी, यावर पहिल्याच संध्याकाळी जुंपली. “मांजर तुझ्या पसंतीचं, विंचर तू,” बायको म्हणाली. “तू घरी असतेस तेव्हा मी कामात असतो,” कात्री म्हणाला. “आणि मी दुकानात काय झोपा काढते?” हे चाललेलं असताना सासरे खुर्चीतून उठले, लेकीच्या हातातली फणी काढून घेतली आणि म्हणाले, “द्या इकडे.”

दोघं त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘द्या इकडे’ हे शब्द त्या तीन शब्दांच्या यादीत नव्हते.

मग दोन-तीन दिवसांनी दुपारी कात्री पाणी प्यायला खोलीबाहेर आला आणि जागच्या जागी थबकला. सासऱ्यांच्या बंद दारामागून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती. बोलणं, मग थांबणं, पुन्हा बोलणं, आणि मधेच चक्क हसू. साय आत त्यांच्यापाशी होती.

संध्याकाळी बायकोने चपला काढायच्या आत त्याने तिला बातमी दिली. “बाबा बोलताहेत! सायशी! आज दुपारभर!”

“काहीतरीच.”

“माझ्या कानांवर तरी विश्वास ठेव. त्यांचं खातो आपण.”

दुसऱ्या दिवशी तिने दुकान मदतनीस मुलीवर सोडलं, दुपारीच घरी आली आणि दाराशी उभी राहून स्वतः ऐकलं.  त्या संध्याकाळी तिने वडिलांच्या हातून फणी मागून घेतली आणि सायला मांडीवर घेऊन बराच वेळ विंचरत बसली. दिवसभर ‘पहिलंच बरं वाटतं, पण दुसरंही वाईट नाही’ असं म्हणणाऱ्या माणसांत उभं राहून आल्यावर, काहीही न म्हणणारा असा मऊ, ऊबदार जीव मांडीवर असणं हे काय आहे, याचा तिला त्या दिवशी पत्ता लागला. अर्थात नवऱ्याला तसं सांगण्याइतकी ती भोळी नव्हती.

इकडे कात्रीची गाडी मात्र रुळावरून घसरायच्या बेतात होती. त्याच्याकडे तेव्हा एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी आली होती. वाचणाऱ्या बाईंचा आवाज मोठा नावाजलेला. पण त्या दिवशी काम सुरू केल्यापासून दर विरामाला त्याला मागे काहीतरी ऐकू येऊ लागलं. घर्रर्र... फूऽऽ. बारीकच, पण होतं. त्याने विराम कापला. पुढच्या विरामाला पुन्हा घर्रर्र... फूऽऽ. तोही कापला. बाहेरचा आवाज आत यायला त्याने खोलीत फटच ठेवली नव्हती, तेव्हा आवाज वाचणाऱ्या बाईंचाच, हे उघड होतं. दुपारभर तो कापत राहिला. नायिका पतीच्या आठवणीने गप्प होते तो सबंध उसासा गेला. सासू मरताना थांबून थांबून बोलते, ती आता बातम्या वाचल्यासारखी घडाघडा बोलून मेली. तरी घरघर आपली आहेच.

शेवटी त्याने धीर करून बाईंना फोन लावला.

“बाई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला नाक चोंदण्याचा वगैरे त्रास आहे का?”

“का हो?”

“नाही, विरामांमध्ये जरा... घोरल्यासारखं येतंय.”

पलीकडे इतकी शांतता पसरली की त्यात खरोखर एकही श्वास नव्हता.

“मी आयुष्यभर वाचते आहे,” बाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या. “घोरण्याचा आरोप माझ्यावर अजून कोणी केलेला नाही. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही.” आणि फोन बंद.

कात्रीने कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. वाजणारं वाचन थांबवलं. पडद्यावरच्या आवाजाच्या हिरव्या लाटा सपाट झाल्या.

घर्रर्र... फूऽऽ.

त्याने सावकाश मान वळवली. मागच्या फळीवर, यंत्राची गरम हवा जिथे येते तिथे, साय पसरली होती. चपटं नाक वर, तोंड अर्धवट उघडं. सकाळी दार उघडं असताना केव्हा तरी आत आली असावी. घरात आहे की नाही ते खरोखरच कळलं नव्हतं.

कापलेले सगळे उसासे पुन्हा जागच्या जागी बसवायला त्याला पुढचे दोन दिवस लागले. वाचणाऱ्या बाईंची माफी मागायला त्याहून जास्त.

आठवडा संपला, साय परत गेली आणि काजळी आली. म्हणजे आधी तिचा आवाज आला आणि मागून ती. तान्हं बाळ आणि तेल न घातलेलं फाटक यांच्या मधला तो आवाज होता. तिने स्वयंपाकघरात जाऊन एक तक्रार केली, न्हाणीघरात एक केली, सासऱ्यांच्या खुर्चीखाली जाऊन एक केली आणि मागच्या खोलीच्या बंद दारासमोर बसून तर फिर्यादच लावली. कात्रीने दात ओठ खात दार उघडलं, तिला हाकलण्यासाठी. ती त्याच्या पायांमधून आत शिरली, खुर्चीवर चढली, आणि तो बसताच मांडीवर बसली. बसली आणि गप्प झाली.

अगदी गप्प. श्वाससुद्धा असा की त्याच्यासारख्याला ऐकू येऊ नये. ती पडद्यावरच्या हिरव्या लाटांकडे टक लावून बघत राहिली. वाचणाऱ्या बाईंच्या ओठांचा एक चटका आला, तेव्हा तिचा डावा कान हलला. कात्रीचाही हात त्याच वेळी बटणाकडे गेला. पुढच्या चटक्याला पुन्हा तसंच. मग एकदा असं झालं की तिचा कान हलला आणि याला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याने तेवढा भाग पुन्हा लावला, आवाज वाढवला. होता! गिळल्याचा एक पुसटसा आवाज होता! कात्रीने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं या धंद्यात राहून त्याला असं समजून घेणारं कोणी भेटलं नव्हतं.

पण संध्याकाळी बायको आली की काजळी तिच्या पायांत पायांत फिरून दिवसभराचा अहवाल द्यायची. बायकोने फोनवर बोलायला घेतलं की ही मधे बोलायची. आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहून आवाज द्यायची. तिसऱ्या दिवशी बायको डोक्याला रुमाल बांधून सोफ्यावर आडवी झाली.

“तुला बोलणारं हवं होतं ना?” कात्री काजळीच्या कानामागे खाजवत म्हणाला.

“बोलणारं हवं होतं. वाद घालणारं नाही. पहिलं की दुसरं विचारलं तर ही तिसरं सांगते.”

आणि मग एका संध्याकाळी, पुन्हा जेवतानाच, सगळं बाहेर आलं.

“मी म्हणते, सायच बरी,” बायको म्हणाली. “कशी ठेवलं तिथे बसते. घरात आहे की नाही ते कळत नाही.”

“मग आणायची कशाला?” कात्री म्हणाला. “माळा भरलाय आपला.”

“हे माझं वाक्य आहे.”

“आणि ते माझं होतं!”

“शब्द फिरवायला काही वाटत नाही तुला? तुला शांतता हवी होती ना?”

“ती घोरते! माझ्यावर एका मोठ्या कलावंताने आयुष्यभराचा डूख धरलाय तिच्यापायी! काजळी कामाच्या वेळी ब्र काढत नाही. आणि बाबांचं बघ. काजळी आली तरी दुपारी त्यांचं बोलणं चालूच आहे. उलट तिच्याशी जास्त रंगतं, ती उत्तर देते.”

“बाबा सायशी बोलायला लागले. सुरुवात सायने केली.”

“सुरुवात कोणी का करेना!”

सासऱ्यांनी दोघांकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि ताट घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कात्री कामात होता. काजळी मांडीवर. बराच वेळ बसून पाय आखडले म्हणून तो तिला तशीच उचलून, खांद्यावर टाकून बाहेर आला. सासऱ्यांच्या दारामागून आवाज येत होता. तीच लय. बोलणं, थांबणं, हसू.

कात्री दोन पावलं पुढे गेला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काजळी त्याच्या खांद्यावर होती. साय शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग आत कोण होतं?

दुसऱ्याच्या दाराला कान लावणं वाईट, हे त्याला ठाऊक होतं. पण कानच ज्याचं पोट भरतात त्याने ते कुठे ठेवावेत? त्याने दाराला कान लावला. काजळीनेही लावला.

“...छे हो, तेव्हा असं यंत्र कुठलं,” सासरे सांगत होते. मोकळ्या, भरदार आवाजात. “मी स्वतः बसायचो माईकपुढे. एकदा शिंक आली, ती सगळ्या फलाटांवर गेली. लोक वर बघायला लागले.”

आणि मग पलीकडून, फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला असल्यामुळे स्वच्छ ऐकू आलं, “आमच्या शाळेत प्रार्थनेला माईक चालू राहिला होता आणि मी शिपायाला काय काय बोलले ते साऱ्या शाळेने ऐकलं! बरं, काजळी खाते ना नीट?”

“काजळीचं काय, तिचं ती सांगते. सायचा डोळा कसा आहे?”

“डावा जरा गळतोय. तुमच्यासारखा पुसणारा नाही ना इथे कोणी.”

कात्री चवड्यांवर मागे सरकला. मागच्या खोलीत जाऊन, दार लावून, त्याने बायकोला दुकानात फोन केला.

“बाबा मांजरांशी बोलत नाहीत.”

“मग?”

“मांजरवाल्या बाईंशी बोलतात. रोज दुपारी.”

पलीकडे एक गिऱ्हाईक विचारत होतं, “ताई, दुसरं भिंग परत दाखवता का?” आणि ताईला ते ऐकूच येत नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवण होईपर्यंत ती कशीबशी गप्प राहिली. मग राहवलं नाही. “बाबा, तुम्ही त्या बाईंशी तासन्‌तास बोलता. चांगलंच आहे. पण मग आमच्याशी का नाही बोलत?”  इतका वेळ हसण्यावारी नेलेलं ते एकदम वर आलं होतं.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

“घोषणा करताना एक नियम असतो,” ते म्हणाले. “लाइन मोकळी असेल तरच बटण दाबायचं. दोघांचे आवाज एकात एक मिसळले की प्रवाशाला काही कळत नाही. तुमच्या घरात लाइन मोकळी सापडतच नाही. जावईबापू कानांवर यंत्र चढवून बसतात, तू डोळे मिटून पडतेस, आणि दोघं जागे असलात की भांडत असता. मी वाट बघतो. बघता बघता जेवण संपतं.”

कात्रीने खुर्ची जरा पुढे ओढली. काजळीनेही कान टवकारले.

“त्या दिवशी सायचा डोळा पुसायचा होता. आतून बाहेर पुसायचा की बाहेरून आत, ते मला कळेना. तुम्ही दोघं कामावर. टोपलीला नंबर होता, केला फोन. बाईंनी सांगितलं आणि विचारलं, ‘तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय का हो मी?’” सासरे थोडे लाजले. “ऐकला होता त्यांनी. शाळेची सहल घेऊन आल्या होत्या एकदा स्टेशनवर. त्यांच्या शाळेतला एक मुलगा हरवला होता, त्याचं नाव मी पुकारलं होतं.”

“मग आता तुम्हीच सांगा, बाबा,” लेक हळूच म्हणाली. “साय की काजळी?”

“साय,” सासरे क्षणही न दवडता म्हणाले.

“का पण?” कात्रीचा आवाज फाटला.

“काजळीचं विचारण्यासारखं काही नसतं. तिला काय हवं ते ती ओरडून सांगते, बाईंना फोन कशाला करायचा? सायचं रोज काहीतरी निघतं. कधी डोळा, कधी गाठ. आणि एक जण इथे, एक तिथे असलं म्हणजे दोन्हीकडच्या चौकश्या राहतात.”

बायकोने जिंकल्याचा चेहरा करायला घेतला आणि मधेच तिच्या लक्षात आलं की हे तर मुळात नवऱ्याचंच म्हणणं होतं. कात्रीने हरल्याचा चेहरा केला, आणि त्याच्याही ते लक्षात आलं. दोघांनाही नक्की काय वाटून घ्यावं ते कळेना, म्हणून दोघं भांडी घासायला गेली.

काजळीला पोचवायला कात्री आणि सासरे मिळून बसने निघाले. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटली होती की हनुवटी चकाकत होती. बस सुटली आणि टोपलीतून काजळीने गळा काढला. एका थांब्यानंतर सगळी बस कात्रीकडे बघू लागली. दोन थांब्यांनंतर पुढच्या आजी म्हणाल्या, “कोणत्या बाळाला कोंबलंय हो त्यात?”

तेव्हा सासरे उभे राहिले. वरचा दांडा धरून, छाती भरून म्हणाले,

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे! टोपलीत मांजर आहे. मांजर सुखरूप आहे. ते आपल्या घरी चालले असून शेवटच्या थांब्यावर उतरेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!”

बस चिडीचूप. चालकाने आरशातून पाहिलं. काजळीनेही तोंड मिटलं, ते शेवटच्या थांब्यापर्यंत उघडलं नाही. असा तोडीस तोड आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला असावा.

बाईंनी दार उघडलं. सासऱ्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, प्रवेशाच्या वेळी मुलाला पाहावं तसं, आणि बाजूला सरून वाट दिली. पाच मिनिटांत दोघं असे बोलू लागले की कात्रीला चहा कोणी विचारेना. सायची टोपली भरून तयार होती. तो पायरीवर काजळीपाशी जाऊन बसला.

“कामाचं कसं होणार आता माझ्या?” तो तिला म्हणाला. “चटका आला तर सांगणार कोण?”

काजळीने त्यावर बरंच काही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, काहीही न कापता. मग तिला आत सोडून, सायची टोपली उचलून, तो एकटाच परत निघाला.

घरी बायको वाट बघत होती. तिने सायला टोपलीतून काढून सरळ मांडीवर घेतलं आणि फणी हातात घेतली.

“बाबा कुठेत?”

“थांबलेत. चहा व्हायचाय म्हणाले.”

“अजून? काय बोलतात तरी काय ते इतकं? मांजरांबद्दलच?”

“नाही. मी निघालो तेव्हा आईंबद्दल सांगत होते.”

बायकोचा हात थांबला. “माझ्या आईबद्दल?”

“हो. घोषणेत बाबांनी फलाट चुकीचा सांगितला म्हणून आईंची गाडी चुकली. मग त्या पिशव्यांसकट तरातरा घोषणेच्या खोलीत शिरल्या. भांडायला.”

“आई? बाबांशी तिची ओळख अशी झाली? मला कोणी सांगितलंच नाही कधी! मग? पुढे काय झालं? काय म्हणाली ती?”

“ते नाही कळलं. माझी बस आली.”

“बस आली?” ती उठून उभीच राहिली. “अरे, बस सोडायची ना! बसेस काय, रोज येतात!”

तिने साय त्याच्या मांडीवर टाकली, फणी त्याच्या हातात कोंबली आणि चपला शोधू लागली.

“कुठे निघालीस?”

“बाबांना आणायला. तासाभरात येते. नाहीतर सगळं तिथेच सांगून संपवतील ते.”

दार धाडकन लागलं. कात्रीने फणी उलटसुलट करून पाहिली आणि सायच्या पाठीवरून, वरून खाली, जपून फिरवली. तिने एक डोळा उघडला आणि मिटला. डाव्या डोळ्याशी खरंच थोडं पाणी होतं. कापूस कुठे ठेवलेला असतो, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. सगळे खण उघडून अखेर तो सापडला. तासाभरात येते म्हणणारी बायको जेवणाची वेळ टळून गेली तरी आली नाही, आणि सासरेही आले नाहीत. तेव्हा कात्रीने आपल्यापुरतं वाढून घेतलं आणि सायच्या ताटलीत तिच्यापुरतं.